नवी गाडी, वॉरंटी चालू, इंजिनात ठकठक आणि वर्कशॉप म्हणतं 'नॉर्मल आहे'

कांदेगाडी | सोमवार, रात्री ११:१०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

बारा टायरची गाडी आहे, बीएस सिक्स. १४ महिने झाले, ९६ हजार किलोमीटर. स्वतः चालवतो. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशी मार्केट, येताना भिवंडीच्या गोडाऊनमधून मिळेल तो माल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'तुमची कंपनी, आमची कंपनी' यातच संपेल.

दिवाळीच्या आधी एकदा पडघ्याच्या टोलनाक्यावर रांगेत उभा होतो. केबिनच्या तळाशी, साधारण क्लीनरच्या पायाखाली, कुणीतरी लाकडी दांडक्यानं ठोकतंय असा आवाज सुरू झाला. ठक, ठक, ठक. खाली उतरून बघेपर्यंत बंद. क्लीनर म्हणाला शेजारच्या गाडीचा असेल. तेव्हापासून रोज कधी ना कधी येतो. दोन-तीन मिनिटं राहतो आणि आपोआप जातो.

वर्कशॉपला तीनदा जाऊन आलो.
पहिल्यांदा टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हचा गॅप) सेट केले, ऑइल बदललं. ऑइलचे पैसे घेतले.
दुसऱ्यांदा कॉम्प्युटर लावला. एकही एरर नाही. एकेक नोझल (डिझेल फवारणारा) बंद करून पाहिलं, काही निघालं नाही.
तिसऱ्यांदा गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी त्यांच्याच माणसानं चालू केली आणि आवाज आला! मी म्हटलं, हाच तो. तर तो म्हणतो, "थंड इंजिन आहे शेठ, डिझेल आहे, नॉर्मल आहे." तीन मिनिटांनी आवाज गेला आणि त्याचंच खरं ठरलं.

बाकी ॲव्हरेज ठीक, पिकअप ठीक, धूर नाही, ऑइल कमी होत नाही. पण आवाज दिवसेंदिवस जड होतोय हे मला कळतं. माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षं गाडी चालवली, आता कानानं कमी ऐकू येतं. त्यांना परवा शेजारी बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे इंजिन नाही. इंजिनाला धरून काहीतरी आहे." पुढं काही सांगेनात.

वॉरंटी संपली की हेच लोक म्हणतील इंजिन उघडावं लागेल. हप्ता महिन्याच्या सात तारखेला. काय करू?

कोल्हापुरी_भोंगा | सोमवार, रात्री ११:२६

भावा, रेडिओचा आवाज वाढीव. आमच्याकडं हाच उपाय चालतोय.

चेष्टा सोड, ऑइल कुठल्या ग्रेडचं घातलंय ते बघ. माझ्या गाडीला एकदा भलतंच पातळ घातलं होतं, सगळं इंजिन तांब्याच्या भांड्यासारखं वाजत होतं.

संत्रानगरी | मंगळवार, सकाळी ७:०५

भाऊ, तुमाले येडं समजून राह्यले ते वर्कशॉपवाले. माझ्या मावसभावानं गाडीले गाढव जुंपलं अन् शोरूमसमोर नेलं होतं, बँडबाजासकट. दोन दिवसांत काम झालं. फोटो काढा, फेसबुकवर टाका, मंग पाहा.

एक_शंका | मंगळवार, सकाळी ९:४०

आवाज नक्की 'ठकठक' आहे की 'टकटक'? शीर्षकात ठकठक लिहिलंय म्हणून विचारतो. शब्दाची चूक काढत नाहीये, पण दोन्हींत फरक आहे.

कोल्हापुरी_भोंगा | मंगळवार, सकाळी ९:४८

आलं, पुणं आलं.

फिटरकाका | मंगळवार, दुपारी १:१५

हसू नका. आजवर कुणी विचारला नसेल इतका चांगला प्रश्न आहे तो.

एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. आमचे हेड मेकॅनिक नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. ड्रायव्हर आला की त्याला 'आवाज येतो' असं लिहू द्यायचं नाही, आवाज काढून दाखवायला लावायचा. आपल्या भाषेत आवाजाला इतके शब्द आहेत की अर्धं निदान तिथंच होतं.

टकटक म्हणजे हलका, वरून येणारा, शिवणयंत्रासारखा. टॅपेटचा गॅप वाढला किंवा नोझल बिघडला की हा येतो. टॅपेटचा आवाज इंजिनाच्या निम्म्या गतीनं चालतो, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक होतो. ठकठक म्हणजे जड, खालून येणारा. बिग एंड, मेन बेअरिंग, गजनपिन असल्या इंजिनाच्या आतल्या, जोर झेलणाऱ्या जोडांचा. फटफट आला की एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डचं गास्केट फुटलंय का बघा, जोडावर काजळीचा पट्टा दिसेल. चिर्रचिर्र बेल्टचा. घोंघों आला आणि इंजिन तापल्यावरच आला तर तो पंख्याचा क्लच धरतोय, तो खरोखरच नॉर्मल. शिट्टी टर्बोची. थोडी शिट्टी चालते, पण तिचा सूर बदलला तर होज आणि क्लॅम्प तपासा.

बीएस सिक्समध्ये एक आवाज नवीन आला. धुराचा मागचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा उभ्या गाडीचा आरपीएम आपोआप चढतो आणि इंजिन भरल्यासारखं घुमतं. त्याला घाबरून बरेच लोक वर्कशॉपला येतात. तो ठकठक नव्हे.

आता कांदेगाडी, मला पुढच्या गोष्टी सांगा. घाट चढताना येतो की उतरताना? इंजिन तापल्यावर वाढतो की कमी होतो? जागेवर उभ्या गाडीत एक्सिलेटर दिला तर ठोके त्या प्रमाणात वाढतात का? क्लच दाबला तर फरक पडतो का? आणि आवाज जातो तेव्हा हळूहळू विरतो की एकदम तुटतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट विचार करून द्या.

कांदेगाडी | मंगळवार, रात्री १०:३०

काका, पाया पडतो. एवढं कुणी विचारलंच नव्हतं.

जड आहे, ठकठकच. एक्सिलेटर दिला की ठोके वाढतात. क्लचनं फरक नाही. तापल्यावर वाढतो किंवा कमी होतो असं नक्की सांगता येत नाही, सकाळी थंडीत येतो आणि दुपारी वाशीला गर्दीतही येतो.

घाटाचं मी उलटं समजत होतो. वाटायचं लोड आला की येत असेल. आज मुद्दाम कान ठेवला. भरलेल्या गाडीत कसारा उतरताना आला, दोनदा. रिकामी गाडी चढवताना एकदाही नाही.

शेवटच्याचं: एकदम तुटतो. म्हणजे अगदी शून्य होत नाही, पण कुणी दार लावून घ्यावं तसा दबतो.

फिटरकाका | मंगळवार, रात्री १०:५२

मग तुमच्या वडिलांचं बरोबर असावं. बिग एंडचा ठोका असा दार लावून जात नाही. तो तापल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर वाढतो आणि चढावर लोडमध्ये हाणतो. तुमच्याकडे चढावर शांत, उतारावर आवाज. मला एक संशय आहे, पण आत्ता सांगत नाही. सांगितला की तुम्हाला तोच ऐकू यायला लागेल.

पुढच्या दोन खेपांना क्लीनरच्या हातात वही द्या. आवाज सुरू झाला की वेळ, जागा, आरपीएम, गाडी उभी की चालू, इंजिनाचं टेंपरेचर आणि ब्रेकच्या हवेचं प्रेशर लिहायचं. आवाज गेला की पुन्हा हेच सगळं. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण मीटर दिसेल असं करा. नुसत्या आवाजाचा व्हिडिओ काही कामाचा नाही, फोन जड आवाज खाऊन टाकतो.

घाटावरचा | बुधवार, सकाळी ६:२०

एवढा पसारा कशाला? नाशिकच्या द्वारका सर्कलपासून पुढं चार चांगले मिस्त्री आहेत. सम्प (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं पात्र) उतरवा, बेअरिंग बघा, दोन तासांत कळेल.

काउंटरपलीकडे | बुधवार, सकाळी ८:१०

कृपा करून हे करू नका!

मी एका डीलरकडे वॉरंटीच्या टेबलावर काम करतो (तुमच्या कंपनीच्या नव्हे, असा माझा अंदाज). बाहेरच्या माणसानं सम्प उतरवला, सीलंट बदललं, बोल्टवरची रंगाची खूण हलली की क्लेम नाकारणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं. बिघाड कुठंही निघो, पहिला प्रश्न तोच येणार.

आता आमची बाजूही ऐका, मग शिव्या द्या. वॉरंटीच्या कामाला कंपनी आम्हाला ठरलेल्या तासांची मजुरी देते. पार्ट बदलायला दोन तास म्हणजे दोनच. आवाज शोधण्यात मेकॅनिकचे सहा तास गेले तर वरचे चार डीलरच्या खिशातून. शिवाय काढलेला पार्ट जपून ठेवावा लागतो, कंपनी मागवून तपासते, आणि त्यात दोष सापडला नाही तर क्लेम नामंजूर होऊन पैसे आमच्या अंगावर येतात. म्हणून अंदाजानं पार्ट बदलायला कुणी धजत नाही, आणि 'नॉर्मल आहे' म्हणायला काहीच खर्च येत नाही.

त्यामुळे गिऱ्हाइकानं शोधायचं अर्धं काम करून आणलं तर आम्हाला बरंच वाटतं, अपमान वाटत नाही. (एखाद्या सुपरवायझरला वाटतो, तो सोडा.)

'नॉर्मल' म्हणाले तर एकच वाक्य बोला: "ठीक आहे, याच मॉडेलची, एवढ्याच किलोमीटरची दुसरी गाडी चालू करून दाखवा." वर्कशॉपात तशी एक तरी उभी असतेच. तिच्यात तो आवाज नसेल तर तुमचा नॉर्मल नाही. डीलर तरीही हलत नसेल तर कंपनीच्या एरिया सर्व्हिस इंजिनिअरची भेट मागा. तोंडी नाही, ईमेलनं.

वकीलताई | बुधवार, दुपारी ३:३५

ग्राहक आयोगात प्रकरणं चालवते, म्हणून कागदांबद्दल लिहिते.

कांदेगाडी, तिन्ही जॉबकार्ड काढून बघा. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात काय लिहिलंय?

कांदेगाडी | बुधवार, रात्री ९:००

ताई, आत्ता पाहिली. पहिल्यावर 'जनरल चेकअप'. दुसऱ्यावर 'स्कॅनिंग'. तिसऱ्यावर 'सर्व्हिस'. आवाज हा शब्द कुठंच नाही. आणि तिन्हींवर माझी सही आहे.

वकीलताई | बुधवार, रात्री ९:२५

दहातली आठ प्रकरणं अशीच येतात माझ्याकडे. उद्या वॉरंटी संपल्यावर तुम्ही म्हणाल की मी मुदतीत तीनदा सांगितलं होतं, आणि ते तुमच्याच सहीचे कागद दाखवतील. आवाजाची तक्रार कधी आलीच नाही!

आता एवढं करा. आजच डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला एक ईमेल पाठवा. तिन्ही भेटींच्या तारखा, जॉबकार्डचे नंबर, त्या वेळचे किलोमीटर आणि तोंडी काय सांगितलं होतं ते. भाषा साधी ठेवा, आरोप नकोत. पुढच्या वेळी जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत तक्रार लिहून घ्या, 'केबिनखालून जड ठकठक, अमुक वेळी येते'. लिहीत नसतील तर सही करताना स्वतःच्या हातानं खाली लिहा आणि फोटो काढा.

आयोगात जायची वेळ येऊ नये, पण माहिती असू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, हे डीलर लगेच ऐकवतात. पुढचं मात्र सांगत नाहीत. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी' धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात ट्रकचंच उदाहरण दिलंय. स्वतः भाड्यानं चालवण्यासाठी ट्रक घेणारा हा ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर असते तर गोष्ट वेगळी होती.

५० लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर जिल्हा आयोग. तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती तपासणीला पाठवू शकतो, म्हणून तोवर गाडी बाहेर उघडू नका, वरच्या भाऊंनी सांगितलंय ते कायद्याच्या बाजूनंही खरं आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर बऱ्याचदा कंपनीकडून फोन येतो आणि काम तिथंच मिटतं.

आणि गाढवाचं म्हणाल तर, त्या गाढवाचा काय दोष?

संत्रानगरी | बुधवार, रात्री ९:४०

ताई, गाढवाले त्या दिवशी गूळ चारला होता.

एक_शंका | बुधवार, रात्री ९:५८

वकीलताई, एक शंका. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला पाठवलेले व्हॉइस मेसेज पुरावा म्हणून चालतात का?

वकीलताई | बुधवार, रात्री १०:१०

चालू शकतात, पण त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जपावा लागतो. ईमेल सोपा पडतो. व्हॉइस मेसेज पाठवलेच असतील तर पुसू नका.

कांदेगाडी | शनिवार, रात्री ११:४५

मंडळी, दोन खेपा झाल्या. क्लीनर पोरगा दहावी झालेला आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. त्यानं वहीचं पान आखून रकाने केले. एकूण ११ नोंदी आहेत, सगळ्या लिहीत बसत नाही, वाशीच्या पहिल्या खेपेच्या तेवढ्या देतो.

पहाटे ४:१०, पिंपळगाव, गाडी चालू केल्याबरोबर. हवा ३. आवाज सुरू. ४:१४ ला गेला तेव्हा हवा ९ च्या जवळ.
घोटी टोल, रांगेत. हवा साडेसात. सुरू. मिनिटभरात गेला, हवा ९.
कसारा उतरताना. ब्रेक मारत होतो. हवा साडेसात. सुरू. नंतर गेला, पुन्हा सुरू. चार वेळा.
भिवंडी बायपासला अर्धा तास सरळ रस्ता, ब्रेक नाही. एकदाही नाही.
वाशी मार्केटच्या गेटवर पुढं-मागं, पुढं-मागं. सतत.

तिसरी नोंद लिहिताना पोरगाच म्हणाला, "दादा, फुस्स झालं की आवाज जातो."

मी रोज ऐकतो ते फुस्स! हवा भरली की ड्रायर (हवेतली ओल काढणारा डबा) सोडतो ते. १४ महिने ऐकतोय. त्याच्यापुढच्या सात नोंदींना आम्ही दोघं वाट बघत होतो. ठक ठक ठक ठक, फुस्स, शांत. सातच्या सात वेळा.

काका, हाच होता ना संशय?

फिटरकाका | रविवार, सकाळी ७:३०

हाच. पोराला माझ्याकडून एक मिसळ द्या.

हवेचा कंप्रेसर, म्हणजे ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा पंप. तो इंजिनाला लागूनच बसवलेला असतो, इंजिनाच्या गिअरवर फिरतो आणि इंजिनाचंच ऑइल पितो. म्हणून त्याचा आवाज इंजिनाचा वाटतो, एक्सिलेटर दिला की वाढतोही. पण आत त्याचा स्वतःचा छोटा क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिष्टन आहे. टाकीतली हवा कमी झाली की तो दाबून हवा भरतो, तेव्हा रॉडवर जोर येतो आणि सैल बेअरिंग ठोकतं. हवा पुरेशी झाली की व्हॉल्व्ह उघडतो, फुस्स होतं, आणि कंप्रेसर मोकळा फिरायला लागतो. फिरतोच, पण जोर नाही, म्हणून आवाज दबतो. तुम्ही 'दार लावून घ्यावं तसा' लिहिलंत तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं.

आता सगळं लागतं. उतारावर ब्रेक, हवा खर्च, आवाज. चढावर ब्रेक नाही, म्हणून शांत. रात्रभर उभ्या गाडीतली हवा उतरते, म्हणून सकाळी तीन-चार मिनिटं आवाज, आणि तुमच्या वर्कशॉपवाल्याला तो थंड इंजिनाचा वाटला. त्यांनी नोझल बंद करून पाहिले तेव्हा गाडी नुकतीच रस्त्यावरून आत आलेली, टाकी भरलेली. आवाज नव्हताच, तर सापडणार काय?

खात्रीसाठी दोन गोष्टी. गाडी सपाट जागी, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावून, इंजिन चालू. ब्रेक पंप करून प्रेशर साडेसातच्या खाली आणा. आवाज आला की लांब पेचकस घ्या, टोक कंप्रेसरच्या अंगावर, मूठ कानाच्या हाडाला. मग तेच इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवा. कुठं कान फुटतो ते कळेल. पंखा आणि बेल्टपासून लांब, गळ्यात उपरणं नको.

दुसरं, हवेच्या टाकीखालचा नळ सोडा. नुसतं पाणी आलं तर ठीक. काळपट, ताकासारखं फेसाळ तेल आलं तर कंप्रेसर ऑइल वर फेकतोय.

कांदेगाडी | रविवार, दुपारी २:२०

दोन्ही केलं. पेचकस कंप्रेसरवर ठेवला आणि हात झटकला गेला इतका ठोका. ब्लॉकवर लांबून आल्यासारखा. वडिलांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी पेचकसाची मूठ दातात धरली. मान हलवली आणि चहा प्यायला गेले.

टाकीतून आधी पाणी, मग चमचाभर काळं तेल. वर्तमानपत्रावर घेऊन फोटो काढलाय.

काउंटरपलीकडे | रविवार, दुपारी ४:००

सुरेख. आता वर्कशॉपला जाताना 'कंप्रेसर बदला' म्हणू नका. 'हवा साडेसातच्या खाली आली की आवाज, ड्रायर सुटला की बंद, टाकीत तेल' एवढंच लिहून घ्या. निदान त्यांना करू द्या. पार्टाचं नाव तुम्ही दिलंत आणि आत दुसरंच निघालं तर घोळ होतो.

एक अडथळा आधीच सांगून ठेवतो. ते म्हणतील, कंप्रेसर आम्ही बनवत नाही, तो दुसऱ्या कंपनीचा, तिच्याकडे जा. वॉरंटीच्या पुस्तिकेत टायर, बॅटरी अशा काही वस्तूंची वॉरंटी त्यांच्या-त्यांच्या उत्पादकाची असं लिहिलेलं असतं. त्या यादीत कंप्रेसर आहे का, ते तुमच्या पुस्तिकेत बघून जा. असला तरी क्लेम डीलरमार्फतच जातो. तुम्ही पार्ट खांद्यावर घेऊन फिरायचं नसतं.

कांदेगाडी | गुरुवार, रात्री १०:१५

मंगळवारी गेलो. पहाटे मुद्दाम लवकर, टाकी उतरलेली असतानाच. सुपरवायझर तोच. म्हणाला, "परत आलात?" मी काही बोललो नाही, वही काउंटरवर ठेवली. त्यानं पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि आतून हेड मेकॅनिकला बोलावलं. हेड मेकॅनिक वयस्कर माणूस, यापूर्वी कधी भेटलाच नव्हता. त्यानं गाडीत बसून ब्रेक चार वेळा दाबला, आवाज आला, त्यानं बोट वर केलं आणि थांबला. फुस्स. बोट खाली. बस, दीड मिनिट.

अडथळा अपेक्षेप्रमाणे आलाच. "हा आयटम आमचा नाही." मी पुस्तिका उघडून दाखवली, त्या यादीत कंप्रेसर नाही. मग फोनाफोनी, दुपारी मंजुरी.

उघडताना मला उभं राहू दिलं. रॉडचं बेअरिंग चाटून तांबूस झालेलं, हातानं रॉड वर-खाली हलत होता. आणि कंप्रेसरला ऑइल देणारा जो पोकळ बोल्ट असतो, त्याच्या भोकात करड्या सीलंटची शेवयीएवढी तार अडकलेली! मेकॅनिकनं चिमट्यानं ओढून माझ्या तळहातावर ठेवली. ही तार १४ महिने माझं ऑइल अडवत होती.

नवा कंप्रेसर बसवला, पैसे शून्य. गाडी घेऊन आलो. कसारा उतरलो. कानाला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय.

फिटरकाका | गुरुवार, रात्री १०:४०

थांबा, अजून झालं नाही. ते चाटलेलं बेअरिंग गेलं कुठं? कंप्रेसरचं ऑइल खाली इंजिनाच्या सम्पमध्येच परत येतं. तुमच्या इंजिनाच्या ऑइलमध्ये आता धातूचा चुरा असणार. ऑइल आणि फिल्टर बदललं का? पोकळ बोल्ट बदलला का? ड्रायरचं कार्ट्रिज? त्यात तेल शिरलं असेल तर ते ओल धरणार नाही, आणि पुढं ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी जाईल.

कांदेगाडी | गुरुवार, रात्री १०:५५

बोल्ट साफ करून तोच लावला. बाकी काही नाही. म्हणाले, ऑइल वॉरंटीत येत नाही.

काउंटरपलीकडे | गुरुवार, रात्री ११:२०

नेहमीच्या सर्व्हिसचं ऑइल येत नाही. वॉरंटीतला पार्ट खराब झाल्यामुळे जे ऑइल आणि फिल्टर बदलावे लागतात ते त्याच क्लेममध्ये टाकता येतात. आम्ही टाकतो. मागा.

वकीलताई | शुक्रवार, सकाळी ८:३०

आणि मागताना ईमेलमध्ये लिहा: 'कंप्रेसरच्या बेअरिंगचे कण इंजिनाच्या ऑइलमध्ये गेल्याची शक्यता आहे, पुढे इंजिनात दोष आढळल्यास तो या तक्रारीचाच भाग समजावा.' काढलेल्या फिल्टरचा फोटो घ्या. ती सीलंटची तार कुठं आहे?

कांदेगाडी | शुक्रवार, सकाळी ८:४५

माझ्याकडे. तंबाखूच्या डबीत.

वकीलताई | शुक्रवार, सकाळी ८:४७

तंबाखू काढून टाका. तार राहू द्या.

कांदेगाडी | पुढचा बुधवार, रात्री ९:३०

ईमेलच्या दुसऱ्या दिवशी एरिया इंजिनिअरचा स्वतःहून फोन आला. ऑइल, फिल्टर, ड्रायरचं कार्ट्रिज, पोकळ बोल्ट नव्या वॉशरसकट, सगळं वॉरंटीत. फिल्टर कापून उलगडला. कागदाच्या घड्यांत बारीक तांबूस चमक होती, चिमूटभर. मोठा तुकडा एकही नाही. जॉबकार्डवर 'ऑइल फिल्टरमध्ये धातूचे कण आढळले' असं लिहून घेतलंय, त्यासाठी अर्धा तास वाद घातला. काकांच्या सांगण्यावरून पाच हजार किलोमीटरवर अजून एकदा फिल्टर कापून बघणार, तो माझ्या पैशानं.

पहिल्या वेळी ऑइलचे घेतलेले पैसे मात्र देत नाहीत. ते सोडलं. तीन दिवसांचं भाडं बुडालं, तेही.

क्लीनर पोराला मिसळ दिली. आता तो प्रत्येक गाडीजवळ जाऊन कान लावतो.

मालवाहू_पिकअप | गुरुवार, सकाळी ११:०५

खूप छान माहिती!! माझ्या छोट्या पिकअपला पण सेम असाच आवाज येतोय, वॉरंटी संपायला महिना आहे. डायरेक्ट कंप्रेसर बदलून मागू का? अंदाजे किती वेळ लागेल?

फिटरकाका | गुरुवार, सकाळी ११:३०

तुमच्या पिकअपला हवेचे ब्रेकच नाहीत, कंप्रेसर कुठून बदलणार? वेगळा धागा काढा. आणि आधी सांगा, टकटक की ठकठक?